अर्जातला पहिला कान

ती बहिरी झाली आहे हे आम्हाला नऊ वर्षं कळलं नाही. यात आमचा मूर्खपणा थोडा आणि विणाई खात्याचा आवाज फार. एका छपराखाली एकशे चाळीस माग एकदम चालतात, धोटे इकडून तिकडे आपटतात, तेव्हा चांगल्या कानाचा माणूसही ठार बहिराच असतो. तिथे कुणी कुणाचं ऐकत नाही, ओठ वाचतात. नवीन मुलगी कामाला लागली की तिसऱ्या महिन्यात तिला वीस मागांपलीकडून चाललेली स्वतःची चेष्टा कळायला लागते, आणि सहाव्या महिन्यात ती दुसऱ्याची करायला लागते. तिथला पदवीदान समारंभ तो एवढाच.

खात्यात नावं चालत नाहीत, कारण हाकच चालत नाही. खुणा चालतात. मुकादम म्हणजे पोटावरून गोल फिरवलेला हात. मी ऑफिसात हजेरी आणि पत्रव्यवहार सांभाळायची. माझी खूण म्हणजे नाकावरून न घसरलेला चष्मा एका बोटाने वर सारणं. ती करताना सगळे कसं तोंड करत ते मला काचेतून दिसत नाही, असा त्यांचा तीस वर्षं गोड गैरसमज होता. आणि तिची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळून झटकन ओढायची. गाठ. तुटलेला धागा ती इतक्या चपळाईने जोडायची की माग मुळात थांबला होता का, यावर पैजा लागत. म्हणून ती गाठवाली. मी इथे तिला तेच म्हणणार आहे. तिची हरकत नाही, विचारून घेतलंय.

खात्यात सभ्यपणाचा एकच नियम होता. खासगी बोलायचं असेल तर बोलणाऱ्याने बाजूने तोंडावर हात धरायचा, म्हणजे समोरच्या एकट्याला ओठ दिसतील. हात दिसला की बाकीच्यांनी नजर फिरवायची. उघड्या ओठांनी बोललात तर ते सगळ्या खात्याला सांगितल्यासारखं. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर एके दिवशी दुपारी वीज गेली. माग धाप टाकत थांबले आणि एकदम शांतता झाली. अशा वेळी खात्यातल्या सगळ्यांना कंठ फुटतो, कारण रोज कुणाला आपला आवाज ऐकायला मिळत नाही. हसणं-खिदळणं सुरू झालं. बासष्ट नंबरच्या मागावर गाठवाली पाठमोरी उभी होती. मुकादमाने तिला हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग इतक्या मोठ्याने मारली की मी ऑफिसातून उठून आले. ती धोट्यांत सुताच्या कांड्या लावत होती. एका मुलीने खांद्याला हात लावला तेव्हा ती वळली, सगळे आपल्याकडे बघताहेत हे तिने पाहिलं, आणि म्हणाली, "काय झालं? कुणाला लागलं का?" ती हे इतकं ओरडून म्हणाली की कुणालाच हसू आलं नाही.

तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती.

कारण शोधायला कुणी कुठे गेलं नाही. कारण समोर उभं होतं, एकशे चाळीस मागांचं. सत्तावीस वर्षं या आवाजात उभी राहिली, कान गेले. मला तसंच वाटलं, तिलाही तसंच वाटलं. आणि तिच्या धाकट्या भावाला तर त्याच आठवड्यात अर्जाची कल्पना सुचली.

भावाबद्दल आधी सांगते. तो तिच्याहून पाच वर्षांनी लहान. त्यांचे वडील याच कारखान्यात रंगखात्यात होते. ती सतरा वर्षांची असताना ते गेले आणि त्यांच्या जागी ती विणाईत लागली, म्हणजे धाकट्याला शिकता यावं. तो शिकला. दोन वर्षं मागावर, मग गोदामात कारकून, आणि मग कामगारांनी निवडून दिलेला प्रतिनिधी. बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. व्यवस्थापक त्याला वचकून असत आणि आम्ही सगळे त्याच्यावर खूश. त्याची खूण होती कोटाचा खिसा थोपटणं, कारण त्या खिशात कायम कुणाचं ना कुणाचं काम असे.

वडिलांबद्दल सांगायला त्या घरात कुणी तयार नसे. ते पीत, एवढंच. संध्याकाळी अंधार पडताना कारखान्यातून घरी येत ते भिंतीला हात लावून, झोकांड्या खात. घसा फाडून बोलत. तोंडात कायम लवंग, वास लपवायला, असं शेजारपाजारचे म्हणत. "मी थेंबाला शिवत नाही" असं ते शपथेवर सांगायचे, पण पिणारे सगळे तेच सांगतात. आईने त्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. सोळाव्या वर्षी गाठवालीने त्यांच्याशी बोलणं सोडलं. ते जेवायला बसले की ही ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायची. एका संध्याकाळी कारखान्यामागच्या नाल्याच्या कडेवरून त्यांचा पाय गेला. कुणाला आश्चर्य वाटलं नाही. हे सगळं तिने मला एकदा, फार वर्षांपूर्वी, हिशेबी सुरात सांगितलं होतं, आणि शेवटी म्हणाली होती, "माझं त्यांच्याशी वर्षभर एक वाक्य झालं नाही, बाई. बरंच झालं. नाहीतर रडावं लागलं असतं."

अर्ज असा होता: विणाई खात्यातल्या सगळ्यांचे कान तपासा, कानांवर घालायला झाकणं द्या, ज्यांचे गेलेत त्यांच्यावर उपचार करा. अडतीस जणांची तपासणी झाली. प्रत्येकाचा एक आलेख आला, कुठल्या आवाजाला कान किती ऐकतो ते दाखवणारी रेघ. सदतीस जणांच्या रेघेला एके ठिकाणी खड्डा होता, कुणाचा उथळ, कुणाचा खोल. गाठवालीची रेघ कड्यावरून दगड सोडावा तशी खाली गेली होती. अर्ज मी टाइप केला. आलेखांची चळत लावत असताना धाकटा माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "ताईचा कागद सगळ्यात वर ठेवा, बाई. तो बघून पुढचे बघायची गरजच पडणार नाही." मी ठेवला. मला दोनदा सांगावं लागलं नाही. चांगला पुरावा वर ठेवायचा एवढी अक्कल मलाही होती.

तपासणीला आलेल्या श्रवणतज्ज्ञाने तिला एक गोष्ट सांगितली होती. साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. तिचा आतला कानच काम करत नव्हता, त्यामुळे मोठा आवाज काय आणि लहान काय. पण कॉक्लिअर इम्प्लांट नावाची गोष्ट असते. ऑपरेशन करून आतल्या कानात केसासारखी तार सरकवतात, बाहेर कानामागे एक छोटं यंत्र, ते आवाज पकडून तारेला देतं आणि तार थेट नसेला. कान मधून वगळायचा. तिने हे मला तीनदा समजावलं, हातवारे करून, जणू नवीन माग आलाय. तिला ते इम्प्लांट हवं होतं. बहिरी माणसं म्हणे शांततेची सवय करून घेतात. हिने काही केली नव्हती. शेजारच्या बाळाचं रडणं, दारावरची थाप, आपलाच आवाज, सगळ्याची तिला हाव होती. आणि मागावर दिवसभर ओठ वाचून संध्याकाळी तिचे डोळे असे लाल होत की बघवत नसे.

धाकटा म्हणाला, थांब. चौकशी अधिकाऱ्यासमोर सुनावणी होईपर्यंत कानाला हात लावायचा नाही. "दुरुस्त झालेला कान कुणाला दाखवणार, ताई? ही सदतीस माणसं तुझ्या कानाच्या आधाराने उभी आहेत." तिला पटलं. ती थांबली. सुनावणी पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. अधिकारी बदलले, कारखान्याचा वकील आजारी पडला. चार वर्षं गेली. मधल्या काळात तिचा तोलही जायला लागला. उजेडात ठीक, अंधारात मात्र जिन्यावर पाय कुठे पडेल याचा भरवसा नाही. मी तिला लोहाच्या गोळ्या घे म्हटलं. माझी वैद्यकी तेवढीच.

चौथ्यांदा तारीख पुढे गेली तेव्हा ती माझ्या खिडकीशी आली आणि म्हणाली, नुसतं विचारून येऊ. विचारल्याने कान दुरुस्त होत नाही. धाकट्याला सांगायचं नाही, तो उगाच वाद घालेल. रजेचा अर्ज मीच लिहिला, मंजूरही मीच करून घेतला, आणि सोबतही मीच गेले.

मोठं रुग्णालय. आत शिरल्यावर तीन मजले आणि पाच रांगा. कानाच्या डॉक्टरांनी डोक्याचं स्कॅन काढलं, ते बघितलं आणि म्हणाले, नुसत्या आवाजाने इतकं होत नाही. घरात आणखी कुणाला? असं म्हणून त्यांनी आम्हाला आनुवंशिक आजारांच्या खोलीत पाठवलं. तिथे एक तरुण मदतनीस बाई होत्या, समोर फॉर्म, बाहेर ताटकळलेली गर्दी. वडिलांना ऐकू यायचं का? गाठवाली म्हणाली, ओरडून बोलायचे. चालायचे कसे? ती म्हणाली, ते प्यायचे. बाईंनी ते लिहिलं. वडिलांचं नाव, गाव, पत्ता विचारला आणि त्यांचं पेन थांबलं. "अहो, हे कुटुंब तर आमच्याकडे आहे," असं म्हणून त्या उठल्या आणि कपाटातून एक फाइल काढून तिच्यासमोर उघडून ठेवली.

त्यांनी तसं करायला नको होतं. दुसऱ्याची फाइल अशी कुणाला दाखवत नाहीत, हे त्यांना अर्ध्या मिनिटात आठवलंही. पण अर्धा मिनिट तिला खूप झालं.

कागदावर घराण्याचा नकाशा होता. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, नात्यांच्या रेघा, आजार असेल तो काळा भरलेला, मेला असेल त्याच्यावर तिरकी काट. मला तो बुद्धिबळाचा पट वाटला. पण विणकराला कापडाचा नमुना असाच मिळतो, चौकटीच्या कागदावर. काळी चौकट म्हणजे उभा धागा वर, पांढरी म्हणजे खाली. तिने तीस वर्षं असे कागद वाचले होते. तिचं बोट वरच्या काळ्या, काट मारलेल्या चौकोनावर गेलं. बाबा. खाली एक चौकोन, अर्धा काळा, म्हणजे आजार रक्तात आहे पण अजून दिसत नाही, आणि त्याच्याकडे बाण, म्हणजे तपासायला आलेला माणूस, हे मला नंतर कळलं. त्याच्या शेजारी एक गोल, पुरता काळा. तिने गोलावर बोट ठेवलं.

"ही मी," ती म्हणाली. मग कोपऱ्यातली तारीख वाचली. सहा वर्षांपूर्वीची. म्हणजे खात्यात वीज गेली त्याच्याही दोन वर्षं आधीची. आम्हा कुणालाही कळायच्या आत धाकटा इथे येऊन तिला काळी भरून गेला होता.

मदतनीस बाईंनी फाइल ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी झाकून बसल्या. मग मोठ्या डॉक्टर आल्या, त्यांनी भावाबद्दल चकार शब्द काढला नाही, पण आजाराबद्दल सांगितलं. फार थोड्या घराण्यांत असतो. एका जनुकातला एक बारीकसा बदल. तो असला की आतल्या कानात एक पदार्थ चुकीचा साठत जातो. चाळिशीच्या आसपास ऐकू येणं कमी होतं, आणि त्याच जागी शरीराचा तोल राखणारा भाग असतो, तोही बिघडतो. डोळ्यांच्या आधाराने माणूस उजेडात नीट चालतो. अंधार पडला की झोकांड्या जातात. "लोक अशा पेशंटना दारुडे समजतात," डॉक्टर म्हणाल्या. "आम्ही नेहमी ऐकतो."

गाठवाली म्हणाली, "परत सांगा. हळू."

त्यांनी परत सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. माझा धीर सुटत चालला होता, पण मी गप्प बसले, आणि मला गप्प बसवणं सोपं नाही.

पुढचं कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं. डावा आतला कान हाडासारखा घट्ट झालाय, तिथे तार सरकणार नाही. उजव्यात अजून जागा आहे, पण वेळ घालवू नका. मी विचारलं, चार वर्षांपूर्वी आलो असतो तर? त्यांनी स्कॅन उजेडाकडे धरलं आणि ते सांगता येत नाही म्हणाले. सांगता येत नव्हतं की सांगायचं नव्हतं, ते त्यांनाच माहीत. ऑपरेशनची तारीख मिळाली. सुनावणीच्या नऊ दिवस आधीची.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली होती. उतरताना म्हणाली, "लवंग दातासाठी होती, बाई. दाढ किडली होती त्यांची. मला माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा सुनावणीच्या कागदांचा गठ्ठा घेऊन खात्यातून चालला होता. मी काचेमागे होते. बासष्ट नंबरवरून गाठवालीने हात वर केला आणि खिसा थोपटायची खूण केली. तो हसून वळला. मधे दहा-बारा माग. सगळे धडाधड चाललेले. तिने तोंडावर हात धरला नाही. उघड्या ओठांनी, एकेक अक्षर सुटं करून ती बोलली, आणि माझ्यासारख्या कच्च्या वाचणारीलाही ते स्वच्छ कळलं.

"सहा वर्षांपूर्वी तू तपासून आलास."

त्याने पटकन तोंडाच्या एका बाजूला हात धरला. पण मधला रस्ता दोन्हीकडून उघडा होता. एका बाजूचे ओठ झाकले तर दुसऱ्या बाजूच्यांना दिसत होते. त्याने दोन्ही हात धरले आणि ओठ पुरते झाकले गेले. मग तिला कळेना. त्याची पंचाईत अशी झाली की झाकावं तर ताईला कळत नाही आणि उघडावं तर सगळ्या खात्याला कळतं. बारा वर्षं कोटात वावरून तो मागावरच्या सवयी विसरला होता. त्याने हात खाली घेतले.

"बाहेर बोलू, ताई."

"इथेच बोल."

"अडतीस जणांसाठी केलं मी."

"कान मागितला असतास तर दिला असता," ती म्हणाली. "तू मागितला नाहीस. घेतलास."

तिने मागाच्या चौकटीला धरलं.

"बाबा पीत नव्हते. हे तुला माहीत होतं."

त्याने मान खाली घातली. मान खाली घातलेल्या माणसाचे ओठ वाचता येत नाहीत, म्हणून ती थांबली. त्याला मान वर करावीच लागली.

"ते मेले होते, ताई. सांगून काय झालं असतं?"

"मी जिवंत होते," ती म्हणाली.

त्या वेळी खात्यात एकेक माग थांबत होता. धागे तुटत होते आणि गाठ मारायला कुणाचे हात रिकामे नव्हते, सगळे डोळे होऊन उभे होते. मुकादमाने त्या दिवशीच्या नोंदीत कारण लिहिलं: सूत खराब.

आता तुम्हाला वाटेल, खातं तिच्या बाजूने उभं राहिलं. मलाही तसंच वाटलं होतं, साठीला टेकले तरी. दोन दिवसांनी चौघे-पाच जण माझ्या खिडकीशी आले. मुकादम बोलला. झालं ते वाईट झालं, धाकट्याने सांगायला हवं होतं, सगळं कबूल. पण ऑपरेशन दहा-पंधरा दिवसांनी केलं तर काय बिघडतं? आणि त्या जनुकाबद्दल सुनावणीत बोलायचं कशाला? मी म्हटलं, हे तिला सांगा. ते म्हणाले, तुम्ही सांगा, तुमचं ऐकते. मी त्यांना खिडकीवरून हाकललं, आणि मग काय, गेले तिच्याकडे आणि निरोप शब्दशः सांगितला. लपवण्यात अर्थ नव्हता.

तिने ऐकून घेतलं, म्हणजे वाचून घेतलं. मग म्हणाली, एक कागद टाइप करा. माझा आलेख अर्जातून काढून घ्यावा. माझं बहिरेपण जन्माचं आहे, मागाचं नाही. बाकीच्या सदतीस जणांचं मागाचं आहे, ते त्यांच्या रेघांवरून दिसतं. एवढंच. मी म्हटलं, नुसता काढून घे, कारण कशाला देतेस? ती म्हणाली, "कारण नाही दिलं तर पुन्हा कुणीतरी कुणालातरी काही सांगितलं नाही असं होईल."

ती ऑपरेशन टेबलावर गेली आणि नऊ दिवसांनी मी तो कागद घेऊन सुनावणीला गेले. वकिलाने तो वाचला आणि त्याचा आजार कुठल्या कुठे पळाला. एकीचं आनुवंशिक असेल तर बाकीच्यांचं कशावरून नाही? सगळ्यांनी आपापल्या आईबापांचे कान आणावेत. धाकटा चांगला भांडला, ते मान्य केलं पाहिजे. शेवटी कानांवरची झाकणं मिळाली, वर्षाला एक तपासणी मिळाली. उपचार नामंजूर.

ती महिनाभराने कामावर आली, कानामागे टाक्यांचा व्रण. खातं तिला बघून काय करेल याचा विचार मी रात्रंदिवस केला होता. पण जे झालं ते मला सुचलं नव्हतं. ती ज्या बाजूला असेल त्या बाजूला सगळ्यांनी तोंडावर हात धरला. शिव्या नाहीत, भांडण नाही. मुलींनीही, जिला तिने स्वतः गाठ मारायला शिकवलं तिनेही. चौदा दिवस ती अशी झाकलेल्या तोंडांमधून चालत बासष्ट नंबरवर गेली. पंधराव्या दिवशी तिने कापड तपासणीच्या खोलीत बदली मागितली. आणि धाकटा? धाकटा प्रतिनिधी राहिला. पुढच्या वर्षी जास्त मतांनी निवडून आला. त्याने त्यांच्यासाठी लपवलं होतं ना. हिने स्वतःसाठी सांगितलं. हा न्याय मला आजही पचलेला नाही आणि तो पचवायचा माझा विचारही नाही.

यंत्र सुरू केलं त्या दिवशी मी सोबत होते. श्रवणतज्ज्ञाने तिच्या कानामागे ते अडकवलं, चुंबकाची चकती केसांत चिकटवली आणि मला काहीतरी बोला म्हणाला. ऐन वेळी काय बोलायचं? मी म्हटलं, बस वेळेवर आली आज. ती दचकली. म्हणाली, डब्यात चमचे टाकून कुणीतरी हलवतंय. मला वाईट वाटलं, माझा आवाज कॉलेजात वादविवादाला वाखाणला गेला होता. पण पहिल्या दिवशी तसंच ऐकू येतं म्हणे. मेंदूला त्या चमच्यांतून शब्द वेचायला शिकवावं लागतं, महिनोन् महिने.

त्यासाठी सराव असतो. घरच्या माणसाने शब्द वाचायचे आणि तिने ऐकून परत म्हणायचे. ओठ वाचता येऊ नयेत म्हणून वाचणाऱ्याने तोंड झाकायचं. मी तोवर निवृत्त झाले होते, तिच्या घरी रोज संध्याकाळी जायची. पहिल्या दिवशी मी यादी उघडली, सांगितल्याप्रमाणे तोंडासमोर हात धरला आणि तिचा चेहराच बदलला.

"तुम्हीसुद्धा, बाई?"

मी हात खाली घेतला. नियम समजावला. ती हसली नाही. मग म्हणाली, धरा. मी हात धरून म्हटलं, दार. तिने म्हटलं, गार. मी म्हटलं, दार. तिसऱ्यांदा बरोबर आलं. असं आम्ही दोन-अडीच वर्षं केलं. सुरुवातीला सुटे शब्द, मग वाक्यं, मग मी वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचायची आणि सरकारला चार शब्द सुनवायची, तेही ती परत म्हणून दाखवायची. झाकलेल्या तोंडाआडचं ऐकायला शिकलेली त्या कारखान्यातली ती एकटीच.

भावाशी तिचं बोलणं नव्हतं. पण दोन वर्षांनी एका संध्याकाळी तो आला. आम्ही सरावाला बसलो होतो. आल्याआल्या तो दिव्याजवळच्या खुर्चीत बसला, आमचे चेहरे उजेडात येतील असा, आणि मी समजले. त्याचं ऐकणंही गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची शेवटची तपासणी होती, मग ऑपरेशनची तारीख मिळणार होती. तो घाबरला होता. हाडाला भोक पाडतात का, डोकं जड वाटतं का, कुशीवर झोपता येतं का, पहिल्यांदा काय ऐकू येतं. तिने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. नवीन मुलीला माग दाखवावा तसं, क्रमाने, काही न वगळता, ओठांनी नीट आकार देत. यंत्र काढून त्याच्या हातात दिलं, बॅटरी कशी बदलायची ते दाखवलं. मला वाटलं, मिटलं.

त्यालाही वाटलं असणार. यंत्र परत देताना त्याने तिचा हात धरून ठेवला.

"ताई, राग गेला का ग?"

तिने हात सोडवून घेतला. यंत्र कानामागे लावलं. मग तोंडावर हात धरला, बाजूने नाही, समोरून, पुरता, आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "नाही. आणि जायचा नाही."

तो तिच्या बोटांकडे बघत राहिला. तिने हात खाली घेतला आणि ओठ सुटे करून सांगितलं, "उद्या साडेनऊला. जुने रिपोर्ट सगळे आण. मी येते."

मी त्याच्याबरोबरच खाली उतरले. जिन्यावर दिवा होता तिथे त्याने मला थांबवलं आणि विचारलं, ताई काय म्हणाली? मी उजेडाकडे तोंड केलं. त्या घराण्यात न सांगितलेलं पुरेसं झालं होतं.

"नाही म्हणाली," मी सांगितलं. "आणि जाणार नाही म्हणाली."

त्याने मान हलवली. बाहेर अंधार पडायला लागला होता. तो भिंतीला हात लावून, पाऊल चाचपत निघाला. समोरच्या ओट्यावर दोघे बसले होते. त्यातला एक दुसऱ्याला कोपराने ढोसून हसला. मी वर बघितलं. गाठवाली खिडकीत उभी होती. आता तिला हसणंही ऐकू येत होतं.

"पीत नाही तो," ती वरून खणखणीत आवाजात म्हणाली. "त्याचा कान गेलाय."

धाकट्याला काहीच ऐकू आलं नाही. तो भिंतीच्या कडेने चालत राहिला.